शहाळं बाहेर ठेवा

"मलेरिया सापडलाय, तो उतरेल. मला काळजी किडनीची वाटतेय," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्या पत्नीकडे, विमलकडे वळून त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात लघवी किती वेळा झाली?"

विमलने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आमच्या सगळ्या संसारात हा विषय कधी निघालाच नव्हता.

"एकदाच," ती पुटपुटली.

"रंग?"

"कोऱ्या चहासारखा."

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस झाले."

"मग कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. शेजारच्या मालतीताईंना. त्या म्हणाल्या, उन्हाळी लागलीय."

हा अनुभव मी लिहितो आहे तो या एका शब्दासाठी. लघवी कमी झाली, जळजळली, गडद झाली की आपल्याकडे त्याला उन्हाळी म्हणतात. अंगात उष्णता झाली, एवढाच त्याचा अर्थ. उपायही ठरलेला: धण्याचं पाणी, सब्जा आणि शहाळं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मालतीताईंनी विमलला रोज शहाळं पाजलं. मला कोणीच काही सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी पुरुषांना कशाला सांगायच्या!

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. मोजणं हे माझं कामच. विमलला हुडहुडी कधी भरली, ताप किती चढला, घाम येऊन कधी उतरला, हे सगळं मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आकड्यांनिशी सांगत होतो. त्यांनी इंजेक्शन दिलं, लाल औषधाची बाटली दिली. ताप हटेना तेव्हा रक्त तपासायला लावलं आणि अहवाल पाहताच इस्पितळात धाडलं. लघवीचं त्यांनी विचारलं नाही आणि विमल आपणहून सांगणारी नव्हे. ज्या आकड्याची गरज होती तेवढा एकच आमच्यापैकी कोणाकडे नव्हता.

रक्ताच्या काचेवर फाल्सिपेरम दिसला. मलेरियाचे प्रकार असतात, त्यातला हा दुष्ट. त्याचे जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरून त्या फोडतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मूत्रपिंड, म्हणजेच किडनी, हे बारीक वाहिन्यांचंच गाळणं. ते तुंबलं की लघवी आटते.

दुसरी तपासणी क्रिएटिनिनची. स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा हा कचरा रक्तातून गाळून बाहेर टाकणं हे किडनीचं काम. तो दीडच्या आत असावा. विमलचा तीन पूर्णांक आठ होता.

"हा आकडा वाढायला वेळ लागतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "लघवी आधी बोलते, क्रिएटिनिन नंतर. म्हणून लघवी मोजायची. दिवसाला चारशे मिलिलिटरच्या खाली गेली की धोका समजा. आकडा असाच चढत राहिला तर डायलिसिस करावं लागेल."

डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त गाळणं. ते यंत्र या इस्पितळात नव्हतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात होतं आणि तिथे रांग होती. रांग किती लांब, ते मी विचारलं. बाईंनी विमलची नाडी हातात घेतली. मला ते पुरेसं होतं.

क्विनीन सलाइनमधून सुरू झालं. विमलच्या कानांत शिट्ट्या वाजू लागल्या, तोंड कडू जहर झालं. त्यात प्यायचं पाणी मोजून मिळे: आदल्या दिवशी जेवढी लघवी, तेवढं आणि वर अर्धा लिटर. सलाइनही त्याच हिशोबात. किडनी पाणी बाहेर टाकत नाही तेव्हा जास्तीचं पाणी फुप्फुसात साठतं. तापलेल्या माणसाला तहानेलं ठेवायचं, हे बघवत नाही. पण करावं लागतं.

खाटेखाली खुणा केलेली काचेची बरणी ठेवली होती. त्यात सगळी लघवी जमवायची. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन येतो तो बरणी लख्ख धुतलेली!

"अहो, यातली लघवी कुठे गेली?" मी सफाईवाल्याला विचारलं.

"फेकली ना साहेब. घाण कशाला ठेवायची?"

"मोजायची होती!"

"लघवी?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मलाच बाजूच्या खाटेवर झोपवायला हवं.

पण खरा वैताग भेटायला येणाऱ्यांचा. आपल्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. इस्पितळाच्या फाटकाबाहेरच शहाळीवाला बसतो. त्यामुळे जो येई तो हातात शहाळं घेऊन. मेव्हणा आला, शहाळं. कारखान्यातले दोघे आले, दोन शहाळी. ती मी खाटेखाली ढकलायचो आणि प्रत्येकाला तेच पुराण सांगायचो. शहाळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. एरवी तो लघवीतून जातो. किडनी बसली की तो रक्तात साचतो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. मान सगळे डोलवायचे. जाताना विमलला म्हणायचे, "वहिनी, शहाळं घ्या हां आठवणीने."

शेवटी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'पाणी देऊ नये' असं लिहून खाटेला बांधलं.

दुसऱ्या दिवशी भांडुपची मामी आली. माझ्या मामाची बायको. मालवण सोडून तिला तीस वर्षं झाली, पण जीभ अजून तिथेच आहे.

"तोंड बघ बायचा कसा सुकला हा," ती म्हणाली. "अनंता, शहाळा तरी दी रे तिका."

"मामी, शहाळ्यात पोटॅशियम असतं."

"आमच्या माडांका तसला काय नसता!"

"सगळ्या माडांना असतं मामी."

"गावाक मरणाऱ्या माणसाच्या तोंडात सुद्धा पाणी घालतत. आणि तू जित्या बायलेक तानेली ठेवतंस?"

तेवढ्यात परिचारिकेने चिठ्ठी आणून दिली. क्विनीनची इंजेक्शनं संपली होती, ती आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो. जवळच्या दुकानात नव्हती, स्टेशनपलीकडे मिळाली. परत आलो तर विमलचा चेहरा कित्येक दिवसांत प्रथमच प्रसन्न होता आणि मामीच्या मांडीवर रिकामी किटली होती. फाटकाबाहेर शहाळी फोडून तिने ती किटलीत भरून आणली होती.

"किती प्यालीस गं?"

"दोन घोट," विमल म्हणाली.

"दोन शहाळी," मामी अभिमानाने म्हणाली. "घटाघटा प्याली बिचारी."

"मामी, हा पुठ्ठा वाचलात ना?"

"वाचलंय तर! पाणी नको म्हणान लिवला हा. शहाळा नको म्हणान खय लिवला हा?"

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तेव्हाच रक्त घेतलं आणि हृदयाचा आलेख काढला. पोटॅशियम सहा पूर्णांक चार. पाचच्या वर नको असतं. यंत्रातून निघणाऱ्या पट्टीवरची टोकं तंबूसारखी उंच झाली होती. चाळीतली शहाळी आणि ही दोन, सगळ्यांची बेरीज त्या पट्टीवर उमटली होती.

"ठोके थांबू शकतात," बाई एवढंच म्हणाल्या. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. इन्सुलिन म्हणजे मधुमेहाचं औषध एवढंच मला माहीत होतं. ते पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं, हे त्या दुपारी कळलं. दर थोड्या वेळाने नवी पट्टी निघायची आणि मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचो.

मामी बाहेर बाकावर बसून होती. चहा नको म्हणाली. मला तिच्यावर ओरडायचं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. मी जवळ गेल्यावर ती म्हणाली, "अनंता, माझ्या हातसून काय झाला रे ह्या?" मी तिच्याशेजारी बाकावर बसलो. तिने विष पाजलं नव्हतं. साऱ्या कोकणाने तिला जे शिकवलं तेच प्रेमाने पाजलं होतं. प्रेमाशी भांडायचं कसं, हे कोणी सांगेल तर मला हवं आहे.

संध्याकाळी पट्टीवरची टोकं बसली. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम पाच पूर्णांक एक आलं.

क्रिएटिनिन मात्र चढत सहा पूर्णांक एकपर्यंत गेलं. शहरातल्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून तयार होती. बरणीत रोज तीनशेच्या आसपास लघवी. मग एका सकाळी साडेचारशे भरली. पुढच्या सकाळी मी बरणी उजेडात धरली आणि वॉर्डात ओरडलो, "नऊशे!" शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी हात जोडले. विमलने लाजून पदर तोंडावर ओढला. क्रिएटिनिन तिथेच थांबलं, मग उतरू लागलं. ती चिठ्ठी बाईंनी माझ्यासमोर फाडली.

विमल आज ठणठणीत आहे. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत तो प्रश्न विचारला. आणखी दोन दिवस आम्ही उन्हाळी समजून बसलो असतो तर हे लिहायला मी बसलो नसतो. तुमच्या घरी कोणाला ताप आला तर घामाइतकीच लघवीची चौकशी करा. कमी झाली किंवा रंग चहासारखा दिसला तर लाज सोडा आणि डॉक्टरांना सांगा. शहाळं तोवर बाहेर ठेवा. मी आता प्रत्येक आजाऱ्याला हे विचारतो. लोक मला चक्रम समजतात. समजोत.

पुढच्या वर्षी टायफॉइडने मलाच त्या इस्पितळात आडवं केलं. पुरुषांच्या वॉर्डात भेटीच्या वेळी गर्दी होती. दारात मामी दिसली, किटली पाठीमागे लपवलेली. तिथूनच तिने हाक दिली,

"अनंता! आधी सांग, मुताक होता मा नीट?"

अख्खा वॉर्ड वळला. कारखान्यातले दोघे माझ्या उशाशी उभे होते.

"होता मामी," मी म्हणालो.

"कितक्या?"

"दीड लिटर."

"रंग?"

"पिवळा. फिका."

तिने मान डोलावली, खाटेशी येऊन किटली पुढे केली आणि म्हणाली, "मगे घे."