रोल बदलला की

मोरिवलीच्या एका पॅकिंग कारखान्यात मी माझा प्रोग्राम चढवायला गेलो होतो. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी काळ्या विंडोत एकाच ओळीत सरकायला हवी. ती तुटून ओळींवर ओळी ओतत होती. मागच्या खेपेला असंच दिसल्यावर कुणीतरी प्रोग्राम अडकलाय असं समजून मध्येच बटण बंद केलं, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

शेजारच्या मशीनवर पन्नाशीचे एक काका प्लास्टिकचे रोल चढवत होते. प्रत्येक रोलला आधी खिशातला मोजायचा टेप लावायचे.

"रुंदी छापलीय की त्यावर, काका."

"छापणाऱ्याने छापली. चालवायचं मला हाय."

मग माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मगाशी मागे उघडलेला तक्ता बघायला तुम्ही हा काळा चौकोन बारीक केलात ना, तेव्हापासून बिघडलंय. तुमचा प्रोग्राम त्याची रुंदी कधी मोजतो?"

"सुरुवातीला. एकदा."

"एकदाच?" ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. "रोल बदलला की मी परत मोजतो."

दहा वर्षं हेच काम करतोय मी! पट्टी आखण्याआधी दर वेळी विंडोची रुंदी विचारायची, म्हणजे पट्टी तिच्यात मावेल, एवढाच बदल तिथे बसून केला. विंडो लहान केली, मोठी केली. पट्टी एका ओळीत सरकत शेवटाला पोचली.

"झालं बघा," मी ऐटीत म्हणालो.

काकांनी मान डोलावली, खिशातून टेप काढला आणि स्क्रीनला लावला.