दोन जुने ट्रॅक्टर आणि माझा डावा पाय

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बसलं आणि नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, या पायानं आता क्लच दाबायचा नाही. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत ड्रायव्हर शोधून सापडत नाही. म्हणजे धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या त्या तुकड्यांत, चिखलणी मलाच करावी लागणार होती. मी तोवर ट्रॅक्टर चालवला होता तो फक्त कोरड्या रस्त्यावर, रिकामी ट्रॉली जोडून.

विकत घ्यायला जुन्यातले दोन ट्रॅक्टर पाहायचे ठरले. एक सिहोऱ्यात, दुसरा सानगडीत. ओळखीचे मिस्त्री सोबत आले.

सिहोऱ्याचा लाल, तीन सिलेंडरचा, अंगानं दांडगा. नवरा काठी टेकत त्याच्याभोवती दोनदा फिरला. मिस्त्रींनी धूर पाहिला, मागची, अवजारं उचलायची लिफ्ट वर करून ठेवली; ती जराही खाली आली नाही.

"इंजिनाले काही झालं नाही. इतका जुना वाटतच नाही," ते म्हणाले.

मी वर चढले. क्लच निम्माच गेला. पूर्ण दाबायला सीटवरून उठावं लागत होतं.

"सवय होते," नवरा म्हणाला.

ट्रॅक्टर अंगणातून निघाला. समोर धानाच्या तणसाचा ढीग. मी उठून क्लच दाबेपर्यंत चाक ढिगात शिरलं होतं. मागे बांधलेली म्हैस दावं ताणून ओरडायला लागली. ब्रेक सुचलाच नाही. कशीबशी इंजिन बंद करायची दांडी ओढली.

"काही नाही झालं, बाई. उतरा," ट्रॅक्टरचे मालक म्हणाले.

मी उतरले. चिखलात मागची चाकं रुतली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. त्या घटकेला क्लच दाबला गेला नाही, तर तो अंगावर उलटतो. माझ्या मामांचा तसाच उलटला होता. ते वाचले, पण पुन्हा सरळ चालले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सानगडी. हा निळा, दोन सिलेंडरचा, लहानखुरा. सीट फाटलेली, लिफ्ट हळूहळू खाली येत होती. पण क्लच टाच टेकून तळापर्यंत गेला. मी तो पाच-सहा वेळा दाबून पाहिला.

नवऱ्याचं तोंड उतरलं. "हा काय चिखल करन? चिखलाचे लोखंडी केजव्हील लावले का जागेवरच बसून जाईन."

"बसला त बसू द्या. उलटला त काय करता? पाय माहा आहे."

मिस्त्री म्हणाले, "लिफ्टचं सील बदलून देतो." निळाच घेतला.

चिखलणीच्या पहिल्या दिवशी नवरा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून प्रत्येक वळणाला ओरडत होता. तिसऱ्या बांधीत मागची चाकं फसली आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. पुढची चाकं चिखलातून सुटली होती. मी क्लच दाबला. तोंड खाली टेकलं. पाय तसाच दाबून मी बसून राहिले. उचलायची हिंमत होईना.

"मांगं घे," नवरा म्हणाला. ओरडला नाही. "हळूच. मी पाहून राहिलो."

मागे घेतला. निघाला.

आमची रोवणी शेजाऱ्यांच्या आठ दिवस मागून उरकली. लाल असता तर लवकर झाली असती, असं नवरा अजून म्हणतो. ते खरंही आहे. बांधीत उतरण्याआधी मी अजूनही दरवर्षी क्लच पाच-सहा वेळा तळापर्यंत दाबून पाहते. मग उतरते.