फुलांविना उतरलेल्या गाई

योस्ट गुराखी म्हणजे हट्टाचा पुतळा. डोंगरावरच्या कुरणात त्याच्या छातीत सगळा उन्हाळा कळ येत होती, पण पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी गाई गावात उतरवायची वेळ आली आणि ऐन तोंडावर तो दुधाच्या कॅनवरच कोसळला. तडक झुरिचच्या इस्पितळात.

"हृदयाची एक नळी अरुंद झालीय," डॉक्टर म्हणाले. "जांघेतून बारीक नळी वर नेऊन आत फुगा फुगवू. छाती फाडायची नाही. तुम्ही जागे राहाल, फक्त हलायचं नाही."

न हलणं योस्टला जन्मात जमलं नव्हतं. टेबलावर पडून छताकडे बघताना त्याला एकच घोर होता. आज गाई दरवर्षीसारख्या फुलांचे हार घालून उतरणार, आणि मानाच्या जागी, त्यांच्यापुढे, चालणार त्याचा धाकटा भाऊ मेल्क. "दादा, तू बस आता घरी, पुढे मी चालतो," हे मेल्कचं दरवर्षीचं पालुपद. हा आपल्या मरणावर टपलाय, अशी योस्टची पक्की समजूत होती. तेवढ्यात आत फुगा फुगला आणि छातीवर गाय बसावी तशी कळ आली. उठून पळावं तर जांघेत नळी. इतका अडकलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायको रेगुला आली, मागोमाग टोपी हातात धरून मेल्क.

"फुलं कशी दिसली?" योस्टनं विचारलं.

"गाई फुलांविना उतरल्या," रेगुला म्हणाली. "गाव रस्त्यावर टोप्या काढून उभं होतं. पाववाल्यानं दुकान बंद केलं."

घरात मरण आलं असेल त्याच वर्षी गाई अशा उतरतात. योस्ट भडकला.

"मला मेल्यात जमा केलंस होय रे? एवढी घाई?"

"इस्पितळाचा फोन येईना, दादा," मेल्क म्हणाला. "हार तयार होते. पण तू इकडे टेबलावर, आणि मी तिकडे गाई सजवू? हातच चालेना."

"आणि पुढे चाललास ते मिरवत."

"नाही चाललो. मी मागे होतो. पुढे कुणीच नव्हतं. तुझी जागा होती ती."

योस्टला रडू फुटलं. भिंतीकडे वळून ते लपवायची सोय नव्हती, जांघेतली जखम दाबून धरायला मांडीवर अजून वाळूची पिशवी होती. भावानं ते सगळं पाहिलं.