जर्मनीतली गाडी न् माझं बाकडं

कासारवाडीच्या बायांनो, जर्मनीत गाड्या घड्याळावर चालत्यात असं कोण म्हणत हुतं? तिला हिकडं धाडा.

लेक बाळंत होऊन दवाखान्यात हाय. जावई कामावर, म्हणून आज पहिल्यांदाच एकटी गाडीनं निघाले. डब्यात तिच्यासाठी गरम अळिवाची खीर. गाडी पंधरा मिनिटं लेट. मग आणखी पंधरा. मग सगळी माणसं मुकाट्यानं उठून गेली. मला वाटलं, च्या प्यायला गेली आसतील. मी आपली बाकडं अडवून ऐसपैस बसले. गाडी पलीकडच्या फलाटावर येऊन गेली की!

आपल्याकडं एकीनं तरी हाक मारली असती, "अवो मावशी, उठा, गाडी तिकडं लागतीया!" हितं कुणी कुणाशी बोलतच न्हाई.

दीड तास उशिरा पोचले. लेक म्हणाली, "आई, घाबरले ना मी!" म्हणलं, "गोरी गाडी हाय बाई, नटायला येळ लागतो." ती हसली, मग रडाया लागली. खीर गारच खाल्ली.

पाय लई दुखत्यात, पण उद्या परत जायचंय. चाकणच्या जर्मन कंपनीत कुणाचा जावई असंल, तर "गाडी कुठं लागणार?" हे जर्मनमधी कसं इचारायचं, तेवढं लिहून धाडता का?