चौकातली किटली

आखातातल्या अल ऐनच्या किल्ल्याच्या दारात वेलचीचा वास आला आणि मला माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं, अवघडलेलं तोंड दिसलं.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा समोरच्या चौकात सिमेंटची, घराएवढी कॉफीची किटली होती. वाहतुकीच्या आड येते म्हणून ती पाडावी, की गावाची खूण म्हणून ठेवावी, यावर वाद चालला होता. दारावरच्या म्हाताऱ्या अरब रखवालदाराने आम्हाला बसवून घेतलं. "ये तोडेगा तो हम रस्ता कैसे बतायेगा?" असं म्हणत त्याने सुधीरच्या कपात कॉफी ओतली. उष्टं टाकायचं नाही, ही आपली शिकवण. सुधीर कप संपवायचा, म्हातारा पुन्हा भरायचा. शेवटी त्यालाच कीव आली. "हबीबी, खलास बोलना है तो कप हिलाओ."

घरी पोचेपर्यंत मी हसत होते.

पुढे किटली पाडली. गेल्या वर्षी सुधीरही गेला. चौकात आता सिग्नल आहे.

आज दारातल्या मुलीने मला कॉफी दिली. मी संपवली, तिने पुन्हा ओतली. पार्किंगमधून मुलाचा फोन आला, "आई, आर यू डन?"

"आलेच," मी म्हटलं.

कप हलवायचा असतो, हे मला माहीत आहे. मी तो तसाच पुढे धरला.