व्हर्नाने दिलेले पाच मार्क

व्हर्ना स्टिडम निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला केक दिला आणि पुढच्याच वर्षी मेडिकल कॉलेजने मुलाखतीच्या खोलीत खुर्ची दिली. पूर्व केंटकीच्या डोंगरांत तिने उभा जन्म शाळेची बस चालवली होती. पोरांची भांडणं, रडणी, उलट्या सगळं समोरच्या आरशात पाहिलं होतं. आता डॉक्टर व्हायला निघालेली पोरं तिच्यापुढे ताठ बसत आणि ती त्यांना दहापैकी मार्क देई. परीक्षकांत गावातली साधी माणसंही हवीत, असं कॉलेजचं म्हणणं होतं. मुलाखतीच्या दिवशी व्हर्ना केस सेट करून, गळ्यात नावाचा बिल्ला घालून निघायची. नवरा ड्वाइट चिडवायचा, "काय गं जजबाई, आज कुणाला फाशी?"

नियम एकच पण कडक होता. पोरगं कुठल्या कॉलेजातून आलंय हे परीक्षकांना कळता कामा नये. मोठं नाव ऐकलं की माणसं आधीच माना डोलवतात, म्हणून. सगळं जुळवून आणणारी कार्ला दरवेळी बजावायची, "चुकून कळलं तर मला येऊन सांगा. ते मार्क मी धरणार नाही."

त्या नोव्हेंबरातला प्रश्न असा होता: तुमच्या ओळखीच्या म्हाताऱ्याला धड दिसत नाही, तरी तो गाडी चालवणं सोडत नाही. तुम्ही काय कराल?

सकाळी एक उंच मुलगा आला. माणसाचं स्वातंत्र्य, समाजाची सुरक्षितता, दोहोंचा तोल, असं तो इतकं छान बोलला की व्हर्ना ऐकतच राहिली. बोलता बोलता पहाटे नदीवर वल्ही मारायची शिस्त, बोस्टनची थंडी असंही काही निसटलं. व्हर्ना काय समजायचं ते समजली: पोरगा तिकडच्या बड्या कॉलेजातला. तिने नऊ दिले आणि कार्लाकडे गेली नाही.

जेवताना शेजारच्या खोलीतले परीक्षक, बँकेतून निवृत्त झालेले व्हिटलो, हसत म्हणाले, "व्हर्ना, तुझं बरंय. डोंगरातला हेल ऐकला की तू दहाच देत असशील!"

"देते बरं!" ती म्हणाली. पण उरलेलं सँडविच तिने कागदात गुंडाळून ठेवलं.

आणि जेवणानंतर नेमकी ती मुलगी आली. उसना वाटावा असा कोट. बसताच म्हणाली, "सॉरी हं मॅडम, हात गार पडलेत. आमच्या लॅबच्या खाली बोलिंगचा हॉल आहे, धाडधाड आवाजातच बोलायची सवय. इथली शांतता अंगावर येते."

बोलिंग हॉलवरची लॅब सगळ्या जिल्ह्यात एकच. नदीकाठचं कॉलेज. व्हर्नाची मुलगी रने तिथेच शिकली होती. तिने मेडिकलचं नाव काढलं तेव्हा व्हर्नाच म्हणाली होती, "त्या कॉलेजच्या जिवावर कोण करणार गं तुला डॉक्टर?" रने आज दवाखान्यात रक्त काढते.

मुलगी म्हणाली, "आधी मी विचारेन, त्यांचं वाणसामान कोण आणतं? आमच्याकडे वर डोंगरात बस येत नाही. नुसत्या किल्ल्या काढून घेतल्या तर ते घरातच कोंडले जातील. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून आधी ती सोय लावेन, आणि मग किल्ल्या मागेन. शिव्या देतील. देऊ देत."

व्हर्नाला वाटलं, हे काय, हे तर मलाही सुचलं असतं. आपल्यातली कुणीही बाई हेच म्हणेल. डॉक्टरकीला काहीतरी वरचं लागत असेल. व्हिटलोंचं हसणं कानात होतंच. तिने पाच दिले.

संध्याकाळी बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन बसल्यावर तिने ड्वाइटला नावगाव न सांगता दोन्ही उत्तरं सांगितली. मधुमेहाने ड्वाइटचे डोळे अधू झाले होते, उन्हाळ्यातच त्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं.

"पहिला फोनवर बरा," तो म्हणाला. "दुसरीला मी घरात घेईन. माझ्या किल्ल्या काढून घेतल्यास तेव्हा एकाने तरी विचारलं का, बाबा, तू आता खाणार काय? किती दिलेस तिला?"

"नऊ," व्हर्ना म्हणाली.

"शाब्बास!" म्हणत त्याने पाव मोडला. तिने आपलं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

सकाळी ती कार्लाच्या टेबलाशी उभी राहिली. "दोघांची कॉलेजं मला कळली होती. आपल्या डोंगरातल्या पोरीचे मार्क मी कापले. मला ते बदलायचेत. नऊ करायचेत."

कार्ला म्हणाली, "मिस व्हर्ना, बदलता नाही येणार. तुमच्या खोलीचे दोघांचेही मार्क आता रद्द. बाकीच्या खोल्यांवरून काय ते ठरेल."

"अगं, पण तिचं उत्तर! दिवसभरात इतकं चांगलं कुणी बोललं नाही."

"ते तुमच्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. आणि तुम्ही आता परीक्षक नाही." कार्लाने हात पुढे केला. व्हर्नाला आधी वाटलं, निरोपाचा. मग तिने बिल्ला काढून दिला.

परतताना ती स्वतःशीच बोलत होती. पाच तर गेले, पोरीचं निदान नुकसान तरी टळलं. पण तिला पटेना. पोरीचं सगळ्यात चांगलं उत्तर तिच्यापुढे येऊन पडलं होतं आणि तिने ते हलकं म्हणून बाजूला सारलं होतं.

ड्वाइट अंगणात पानं गोळा करत होता. चाचपत, थोडी इकडे, थोडी तिकडे.

"एवढ्यात आलीस?"

"त्या मुलीला मी पाचच दिले होते. काल खोटं बोलले तुझ्याशी."

त्याचं दाताळं थांबलं. "का गं? वाईट होती?"

"नाही. आपल्यातली वाटली."

ड्वाइटने दाताळ्यात अडकलेली पानं काढली. मग म्हणाला, "रनेला फोन कर."

"काय सांगू तिला?"

"ते मला नको विचारू," तो म्हणाला आणि पाठ वळवून पुन्हा पानं ओढू लागला.