हेझकाया टटलचा डावा हात

हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजल्या की हेझकाया टटल घरात बसून माणसांची धडं रंगवायचा. कोट, पितळी बटणं, हात. मानेच्या वर मात्र सगळं कोरं. उन्हाळा आला की ती धडं गाडीत घालून अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये गावोगाव हिंडायचा. ज्या बड्या माणसाला जे धड पसंत पडेल, त्यावर त्याचं डोकं बसवून द्यायचा.

१७७४च्या सप्टेंबरात एका भर दुपारी तो न्यायाधीश वॉडमच्या दिवाणखान्यात शेवटचा कुंचला फिरवत होता. वॉडम बोलायचा तो सगळा नाकातून. "टटऽल, नाक जरा लहाऽन कर."

तेवढ्यात कुऱ्हाडीने दार फुटलं.

वॉडम इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा, अख्खं गाव राजाच्या विरुद्ध. पन्नासेक माणसं आत घुसली. पुढे ॲसाहेल क्रेन. कालपर्यंत चामडी कमावणारा, आज गावसेनेचा कॅप्टन. वॉडमला केसांना धरून पायऱ्यांवरून फरफटत अंगणात नेलं. कढत डांबर पाठीवर पडलं तेव्हा तो पहिल्यांदाच पोटातून ओरडला. मग त्याच्याच उशा फाडून पिसं ओतली.

"आरव की रे, कोंबड्या!"

तिथलं आटोपल्यावर माणसं चित्राकडे वळली. ॲसाहेलने रंगवलेल्या गळ्यात सुरा खुपसला, तो ओल्या रंगाने माखून बाहेर आला.

"हे थोबाड कुणी काढलं?"

हेझकाया चित्रामागेच दडला होता. दोघांनी ओढून त्याचा उजवा हात दिवाणखान्यातल्या शेकायच्या चुलाणाच्या दगडावर दाबला. ॲसाहेलने हातोडा उचलला. "आता काढ बघू चित्रं, रंगाऱ्या!"

हेझकायाला ना शेत, ना बायको. त्याच्या पोटाला तेवढा तो हात होता.

"फोडा, कॅप्टनसाहेब," तो कसाबसा म्हणाला. "पण या उन्हाळ्यात पसंत केलेलं तुमचं धड माझ्या गाडीत पडलंय. निळा कोट, तलवारीच्या मुठीवर डावा हात. त्याला डोकं कोण बसवणार?"

मागून कुणीतरी हुबेहूब वॉडमसारखं नाकातून बोललं, "क्रेऽन, तुला डोकं होतं कधी?"

हशा पिकला. ॲसाहेल तेवढा हसला नाही.

"उजवा सोडा. डावा ठेवा रे त्याचा दगडावर."

तीन घाव. पहिल्याला हेझकाया किंचाळला. तिसऱ्याला त्याला फक्त हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला.

दहा दिवसांनी ॲसाहेल त्याच्यासमोर ऐटीत बसला. "डोळ्यांत जरब आण हं."

"आणतो, कॅप्टनसाहेब," गळ्यात डावा हात बांधलेला हेझकाया म्हणाला. दोन दिवसांत डोकं बसलं, जरबेसकट. तिसऱ्या दिवशी बटणं उजळायचं निमित्त काढून तो चित्रापाशी एकटा बसला. पट्टी सोडली, स्वतःचा पंजा समोर ठेवला आणि तलवारीवरचा हात पुन्हा रंगवला.

चित्र ॲसाहेलच्या घरी चुलाणावरच्या भिंतीला लागलं. येणारेजाणारे डोळे वाखाणायचे, बटणं मोजायचे. महिन्याभराने धूळ टिपताना ॲसाहेलची बायको टॅम्सिन थबकली.

"अहो, हा हात बघा. तीन बोटं मोडलीत, नखं काळीनिळी. हा काही तुमचा नव्हे."

ॲसाहेल जवळ आला. मग त्याने आपला डावा हात हळूच खिशात घातला.

हेझकाया तोवर नदीपलीकडच्या गावात पोचला होता. गाडीत दोन धडं, उजव्या हातात लगाम.